राखेवर पाणी वर्ज्य

काचेच्या कारखान्यामागील वसाहतीत, उस्तादांच्या घरासमोर, त्या सकाळी तीळ ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळीचे लोक अजून घरी गेले नव्हते आणि दिवसपाळीचे कामावर निघूनही तेथेच थबकले होते. कोणी खिडकीच्या गजांना लगटून उभे होते, कोणी ओट्यावर उकिडवे बसले होते, आणि ज्यांना आतले काहीच दिसत नव्हते ते पुढच्यांच्या चेहऱ्यांवरून चमत्कार वाचण्याचा प्रयत्न करीत होते.

आत खाटेवर उस्ताद पडले होते. काच फुंकणाऱ्यांत त्यांच्या तोलाचा माणूस त्या कारखान्यात दुसरा नव्हता. खुद्द मालक त्यांच्याशी बोलताना खुर्चीवरून उठत. आज मात्र त्यांच्या हातांना राहून राहून झटके बसत होते, बोटे हवेतले न दिसणारे धागे वेचीत होती, आणि छताच्या कोपऱ्यावर नजर रोवून ते बोलत होते.

"घोडे आलेत बघ. पांढरे. फिरव... नळी फिरव. दार लावून घ्या."

बाहेर एक हुंकार उठला आणि पायरीपायरीने मागपर्यंत गेला. अर्थ सांगण्याचे काम पेंढ्याने आपण होऊन अंगावर घेतले होते. तयार माल पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरणे हा त्याचा धंदा, त्यावरूनच हे नाव त्याला चिकटलेले. आयुष्यभर दुसऱ्यांनी घडवलेली वस्तू बांधून पुढे धाडणाऱ्या या माणसाला आज प्रथमच काहीतरी उलगडून दाखवण्याचा मान मिळाला होता. पांढरे घोडे म्हणजे नवी भट्टी, असे त्याने जाहीर केले. दार लावणे म्हणजे बाहेरच्यांना कामावर न घेणे. एका बाईने नवऱ्याच्या बदलीविषयी विचारले होते; तिला "फिरव" या शब्दात उत्तर मिळाले, आणि ती डोळे पुसत मागे सरली.

"पाणी," उस्ताद म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडा चिरल्या होत्या. "पाणी आण गं."

मग पेंढ्याने गंभीरपणे मान हलवली.

"पूर येणार. सखल भागातल्यांनी सामान माळ्यावर टाका."

खाटेच्या उशाशी उभ्या असलेल्या ताईच्या काळजाला तो शब्द टोचला. ताई ही उस्तादांची एकुलती लेक. कारखान्यात भांड्यांचे कंगोरे घासून गुळगुळीत करण्याच्या विभागात ती काम करी, आणि लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. आपल्या वडिलांनी पाणी मागितले आणि माणसांनी त्याचा पूर केला, हे तिला दिसत होते. पण हात पुढे होत नव्हता. कारण खाटेच्या दुसऱ्या बाजूला मामा उभे होते.

"आज भट्टी दाजींच्या मुखानं बोलते आहे," मामा म्हणत होते. आवाज मृदू, पण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा. "उभा जन्म त्यांनी भट्टीत फुंकर घातली, आज भट्टी त्यांच्यात फुंकर घालते आहे. विचारा, पण एकेकानं. अग्नीला गलका सोसत नाही. आणि ज्याच्या मनात शंका आहे त्यानं जरा मागं उभं राहा, त्याची सावली पडते."

शंका असलेल्यांपैकी कोणीही मागे सरले नाही. उलट सगळेच चार बोटे पुढे सरकले.

मामा हे ताईच्या आईचे धाकटे भाऊ. आई आजारी पडली तेव्हा वसाहतीत आले ते, ती गेल्यावरही, भाचीच्या पाठीशी म्हणून येथेच राहिले. त्या दिवसांत ताई जेवत नसे. तेव्हा समोर ताट घेऊन बसणारा, "तू एक घास, मी एक घास" म्हणणारा हाच माणूस होता. तरुणपणी ते कुठल्याशा डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लोकांना हे ठाऊक होते आणि लोक ते विसरलेही होते. राखेच्या पुड्या देऊन राखमामा झालेल्या माणसाने कधीकाळी बाटल्यांना चिठ्ठ्या डकवल्या असतील, हे ध्यानात ठेवणे भाविकांना जड जाते.

राखेची कथा सुरू झाली ती ओठांवरच्या फोडांपासून. काच फुंकण्याची लांब लोखंडी नळी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. एकाने फुगा धरला की दुसरा पुढची फुंकर घालतो, मध्ये नळी पुसायला उसंत नसते. तेव्हा एकाच्या ओठाच्या कडेला मुंग्या येऊन पाण्याचे बारीक फोड उठले की काही दिवसांनी दुसऱ्याच्याही ओठावर उठत. पूर्वी एका डॉक्टरांनी या फोडांचे इंग्रजी नाव सांगितले होते. ते नाव घरी पोहोचेपर्यंत त्याला शेपटे फुटली. बायकांनी नवऱ्यांकडे आणि सासवांनी सुनांकडे वेगळ्याच नजरेने पाहिले, आणि ज्याच्या ओठावर फोड त्याच्या घरात महाभारत, असे होऊन बसले. दवाखान्याची पायरी लोकांनी सोडली ती तेव्हापासून.

मामांनी त्याच फोडाला नवे नाव दिले. "याला भट्टीनं मुका दिलाय," ते म्हणाले, आणि काल तोंड लपवणारा माणूस आज ओठ मिरवू लागला. मग भट्टीच्या तोंडाशी साचलेली राख मामांनी पुड्यांत बांधून द्यायला सुरुवात केली. ती जिभेवर ठेवून गिळायची. फोड सुकत. कधी तर मुंग्या येताक्षणी पुडी घेतली की फोड उठतच नसत. हे डोळ्यांदेखत घडे, आणि डोळ्यांदेखत घडते त्याला कोण नाही म्हणेल?

राखेला एकच पथ्य होते. पुड्या चालू असेतो दिवसा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दिवेलागणीनंतर ओठ भिजतील इतकेच घ्यायचे. कशासाठी, असे कोणी विचारले की मामा उलट प्रश्न करीत.

"तापल्या काचेवर पाणी पडलं तर काय होतं?"

"तडा जातो."

"कोणी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय मामा, रोजचं काम आहे आमचं."

"मग पोटात अग्नीची राख गेल्यावर देह तापली काच होतो, हे मी वेगळं शिकवू? त्याला आपसूक निवू द्या. घोटभर प्यायलात तर तडा तुम्ही पाडलात. मग माझ्या दारात तोंड घेऊन येऊ नका."

दुसऱ्या कोणत्या गावी या युक्तिवादाला लोक हसले असते. पण येथे प्रत्येकाने आपल्या हाताने घडवलेले भांडे घाईने निववल्यामुळे फुटताना पाहिले होते. या कारखान्यात तयार काच हळूहळू निववण्यासाठी एक अख्खी कोठी बांधलेली होती. जे त्यांच्या हातांना खरे होते ते त्यांच्या पोटालाही खरेच वाटले. आपल्या विद्येनेच माणूस फसावा, याहून पक्की फसवणूक दुसरी नसते.

ज्याला गुण येई तो मामांचे पाय धरी. ज्याला येत नसे त्याच्याकडे मामा एकदाच रोखून पाहत आणि विचारत, "प्यायलास?" तो मान खाली घाली. मामांचा प्रश्न कधीच चुकत नसे, हा त्यांचा दुसरा चमत्कार मानला जाई.

उस्तादांच्या कमरेला आग पेटली आणि उजव्या अंगाला फोडांचा पट्टा उठला, तेव्हा मामांना बोलावून आणणारी ताईच होती. नागीण आहे, हे सर्वांनी ओळखले. मामांनी पुड्या काढल्या. दाजी घरचे, म्हणून मात्रा दुप्पट. मामांना घेऊन ओट्यापर्यंत येताना ताईने हलक्या आवाजात आठवण करून दिली होती की आप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, मूत्रपिंडे अशक्त आहेत. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मागे तसे बजावले होते, आणि तेव्हा मामा स्वतःच सोबत होते. मामांनी तिच्या डोक्यावर थोपटले.

"राख आहे गं पोरी. राखेला मूत्रपिंड काय ठाऊक?"

उस्तादांनी व्रत पाळले. भट्टीपुढे घामाच्या धारा लागत असताना, भोवतीचे लोक घसा सुकल्याचे सांगत इकडेतिकडे जात असताना, हा माणूस जागचा हलला नाही. दिलेला शब्द मोडणे त्यांना येत नसे. ते त्यांच्या हाती असलेल्या कलेसारखेच होते, शिकून आलेले नव्हते. आणि मग एका सकाळी त्यांना छतावरून घोडे उतरताना दिसले.

गर्दीचे प्रश्न चालूच होते. ताईने खाली वाकून चादर बदलायला घेतली. चादर कोरडी होती. खाटेखालचे भांडेही कोरडे. तिने आठवून पाहिले. कालच्या दुपारपासून आप्पा लघवीला उठलेले तिला आठवेना. भट्टी माणसाच्या तोंडून बोलत असेलही, तिच्या मनात आले, पण म्हणून माणसाचा देह हा व्यवहार थांबवतो काय?

"मामा, यांना दवाखान्यात नेते."

"वेडी आहेस. आज तर तुझ्या बापाचं सोनं होतंय."

"मला ओळखत नाहीत ते."

"अग्नीला नाती नसतात." मामांनी तिचे मनगट धरले, आणि प्रथमच त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाणार नाही इतका उतरला. "ताई, आता नेलंस तर ते विचारतील. काय काय विचारतील, तुला कळत नाही."

ते काय विचारतील याची या माणसाला धास्ती का वाटावी, हे ताईला त्या वेळी उमगले नाही. तिने मनगट सोडवून घेतले आणि कारखान्याची मालाची गाडी आणायला पेंढ्यालाच पिटाळले. पूर येणार असल्याची भविष्यवाणी करून थकलेल्या पेंढ्याने कुरकुर केली, देववाणी अर्ध्यावर तोडू नये म्हणाला, आणि तरी गाडीत मऊ पेंढा पसरून उस्तादांचे पाय त्यानेच उचलले.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयाने प्रौढ, बोलण्यात कोरड्या होत्या. त्यांनी उस्तादांच्या कमरेचा पट्टा पाहिला, हातांचे झटके पाहिले, त्वचा चिमटीत धरून सोडली. चिमूट तशीच उभी राहिली, अंगात पाणी नसल्याची ती खूण. रक्त तपासायला गेले. तपासणीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि ताईला समोर बसवले.

"नागिणीवर कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"एकही नाही. फक्त राख."

"खोटं बोलू नका. रागावणार नाही मी."

"आईशप्पथ. राखच."

बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की नागिणीच्या विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या असतात, आणि त्या चांगल्या असतात. पुरळ उठल्यापासून पहिल्या दोनतीन दिवसांत सुरू केल्या तर आजार आटोक्यात येतो, पुढच्या वेदनाही कमी होऊ शकतात. पण ते औषध शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडे अशक्त असली तर मात्रा कमी करावी लागते. नाही केली तर औषध रक्तात साचते, मेंदूत शिरते. माणूस बरळतो, त्याला नाही ते दिसते, हातपाय असे उडतात. "तुमच्या वडिलांच्या अंगात काही आलेलं नाही. अंगातून काही बाहेर गेलेलं नाही. माझ्यासमोर जे चित्र आहे ते या औषधाचं आहे, आणि तुम्ही म्हणता औषध दिलंच नाही. मग एक तर मी चुकते आहे, नाहीतर तुम्हाला कोणीतरी फसवलंय. ती राख आणता का?"

"आणि पाणी?" ताईने विचारले. "पाणी बंद होतं त्यांचं."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"तुम्ही काचेतली माणसं. काचेचा रस नको त्या आचेवर नको तितका राहिला तर काय होतं?"

"खडे धरतात. पांढरे, बारीक. भांडं टाकून द्यावं लागतं."

"या औषधाचेही असेच बारीक स्फटिक होतात. भरपूर पाणी प्यायलं तर वाहून जातात. नाही प्यायलं तर मूत्रपिंडाच्या नळ्यांत जाऊन बसतात. माणूस टाकून देता येत नाही, म्हणून आम्ही आता यंत्राला लावणार आहोत. बाकी त्यांच्या प्रकृतीवर."

ताई घरी परतली तेव्हा ती रडत नव्हती. उशीखाली उरलेल्या पुड्या तिने पदरात बांधल्या आणि घरात न थांबता थेट घासणीच्या शेडमध्ये गेली. काच घासायची पूड तेथे रोज चाळली जाते. त्या चाळण्या इतक्या बारीक की त्यांतून पीठ जाईल पण रवा जाणार नाही. तिने एक पुडी चाळणीत रिकामी केली आणि कडेवर बोट वाजवले. करडी राख धुरासारखी खाली गेली. चाळणीत जे उरले ते पांढरे होते. काही कणांच्या एका अंगाला फिकट निळा पापुद्रा होता, आणि एका तुकड्यावर, भिंगाखाली, छाप्यात उठवलेल्या आकड्याचा अर्धा भाग दिसत होता.

राखेत आकडे छापलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा नेहमीप्रमाणे शेडमध्ये पुड्या वाटायला आले. लोक भोवती जमले. आपल्या दाजींची वाणी रुग्णालयाच्या भिंतींत कोंडली गेली, याचे दुःख मामांनी अशा काही सुरात सांगितले की दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. ताई आली तेव्हा तिच्यासोबत डॉक्टरीणबाईही होत्या. ताईने दाखवलेले कण ओळखून त्यांनी येताना आपल्या कपाटातली विषाणूवरची एक गोळी कागदात गुंडाळून आणली होती.

"मामा, तुमच्या हातातली एक पुडी द्या," ताई म्हणाली.

मामांनी दिली. न देण्याचे कारण त्या गर्दीत त्यांना सुचले नाही. ताईने ती सर्वांसमोर चाळली आणि चाळणी हातोहात फिरवली. बाईंनी आपली गोळी शेजारी ठेवली. तोच निळा पापुद्रा, तोच आकडा, फक्त तो अख्खा. ओठांवरचे फोड बहुतेकांचे आठपंधरा दिवसांत आपोआपच सुकतात, त्या म्हणाल्या, राख घ्या की मीठ घ्या. आणि जे लवकर सुकत होते ते या चुऱ्यामुळे. त्यांनी हेही सांगितले की हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरच्यांच्या मायेच्या पाप्यातून किंवा उष्ट्या भांड्यातून मिळतो. तो कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. नागीण तर लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचीच झोपलेली शिल्लक. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही, आणि लपवले नसते तर येथे राखेला गिऱ्हाईकच मिळाले नसते.

सगळ्यांची तोंडे मामांकडे वळली. आश्चर्य असे की मामा डगमगले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर काहीसा दुखावलेला, अन्याय झाल्याचा भाव आला.

"बरं. होतं औषध. विष तर नव्हतं? दवाखान्याच्या नावानं तुम्ही तोंड फिरवत होतात. गोळी म्हटली असती तर घेतली असतीत? राख म्हटली म्हणून घेतलीत. मी तुम्हाला औषधच दिलं. उपकार केले."

काही माना होकारार्थी हलल्या. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच घातक होता. पेंढ्या तर म्हणाला की म्हणजे मामा डॉक्टरांपेक्षा मोठेच झाले, कारण डॉक्टरांना नुसती गोळी देता येते.

ताई पुढे झाली. तिचा आवाज चढला नाही.

"मग पाणी का तोडलंत?"

मामांनी हातातल्या पुड्या सारख्या केल्या.

"आई आजारी होती तेव्हा तिच्या गोळ्या तुम्हीच आणायचात. प्रत्येक वेळी मला बजावायचात, कुठल्या गोळीवर किती पाणी. तुम्ही कंपाउंडर होतात मामा. तुम्हाला ठाऊक होतं."

"लोकांना काहीतरी अवघड लागतं गं," मामा अखेर म्हणाले. ते तिच्याशीच बोलत होते, घरातल्यासारखे; भोवतीची माणसे त्यांना जणू दिसत नव्हती. "सोपं दिलं तर त्याला किंमत नसते. आणि ज्याला गुण नाही आला त्याला मी काय सांगणार होतो? पथ्य असं हवं की मोडल्यावाचून राहवणार नाही. भट्टीपुढं कोण राहणार पाण्यावाचून? प्रत्येकजण मोडणारच. म्हणजे दोष त्याच्याच पदरात."

"आप्पांची मूत्रपिंडं?"

"मला वाटलं..." त्यांनी ओठ ओले केले. "सगळेच चोरून पितात. मला वाटलं, दाजीही पीत असतील."

शेडमध्ये घासणीची चाके बंद होती. त्यामुळे ते बोलणेही शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले. मामांच्या या वाक्याला खोटे म्हणण्यासाठी एकही माणूस पुढे आला नाही. ज्यांनी ज्यांनी व्रत घेतले होते त्या सर्वांनी आपापल्या पायांकडे पाहिले. कोणी निववणीच्या कोठीमागे प्यायले होते, कोणी मोरीत, कोणी डबा विसळण्याच्या मिषाने. प्रत्येकाला वाटत होते की पाप करणारे आपण एकटेच. फोड नाही सुकला तर आपल्या पापाने, आणि सुकला तर मामांच्या कृपेने. चमत्कार म्हणून जो काही होता तो हाच: एका माणसाने बाकी सर्वांना एकमेकांपासून लपायला लावले होते. ज्यांनी त्याची आज्ञा मोडली ते सुखरूप राहिले. ज्या एकट्या माणसाने ती अक्षरशः पाळली, तो खाटेवर पडून घोडे मोजत होता.

ताईने मामांकडे पाहिले. तिच्यासमोर ताट घेऊन बसलेला माणूस तिला त्या चेहऱ्यात शोधायचा होता. तो सापडला, हेच अधिक वाईट होते. कपटी माणसाने कपट केले असते तर तिला राग आला असता. आपल्या माणसाने आपली माया शाबूत ठेवून हे केले होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ रागसुद्धा पुरेसा नव्हता.

"घरी येऊ नका," ती एवढेच म्हणाली. मामांनी हातातल्या पुड्या खाली ठेवल्या. बाईंनी त्या उचलून घेतल्या; पुढची चौकशी ज्यांचे काम होते त्यांच्याकडे त्या पोहोचवल्या गेल्या.

उस्ताद वाचले. यंत्राने रक्तातले औषध काढले, शिरेतून गेलेल्या पाण्याने हळूहळू मूत्रपिंडांना वाट करून दिली, आणि एका सकाळी त्यांनी लेकीला ओळखून तिच्या विस्कटलेल्या केसांविषयी तक्रार केली. नागिणीची ठणक मात्र मागे राहिली. सदऱ्याचा स्पर्शही कमरेला सोसवत नसे. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नव्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा उस्तादांनी चिठ्ठी हातात घेऊन एकेका गोळीचे नाव विचारले, ती कशासाठी, किती, कुठवर, माझ्या मूत्रपिंडांना चालेल का, पाणी किती प्यायचे. बाईंना घाई होती, तरी त्यांनी प्रत्येकाचे उत्तर दिले. एरवी मोठ्यांना प्रश्न विचारणे उस्तादांना उर्मटपणाचे वाटे.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सगळे सांगायला लावले. तिने काहीच वगळले नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

"त्याला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि सगळे पीत होते."

"हो आप्पा."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "त्यानं फसवलं ते एकवेळ समजतं. पण एवढी माणसं माझ्याभोवती होती. कोणीच कसं सांगितलं नाही मला?"

वाचकहो, या प्रश्नाला तुमच्याजवळ उत्तर आहे काय? ज्या शास्त्रकारांनी पाण्याला जीवन असे नाव दिले त्यांचे स्मरण करून सांगतो: श्रद्धेला माझा विरोध नाही, माझे मस्तक अनेक ठिकाणी नम्र होते. पण जे औषध आपले नाव सांगत नाही ते घेऊ नका, मग ते राखेच्या पुडीत असो की चकचकीत वेष्टनात. विषाणूवरचे औषध वैद्यांना विचारून, वेळेवर, सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस पुरते घ्या. शेजाऱ्याची उरलेली गोळी तोंडात टाकू नका. मूत्रपिंडांचे दुखणे, पोटी असलेले मूल, चालू असलेली दुसरी औषधे हे सर्व आधी सांगा. डोळ्याजवळ फोड उठला तर क्षणाचा विलंब लावू नका. आणि पथ्य सांगणाऱ्याला कारण विचारा. ज्याला कारण सांगता येत नाही, किंवा जो कारण विचारणाऱ्याची सावली पडते म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरा. एवढे सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती मला सांगावी लागणार नाही, उस्तादांनीच सांगितली.

कारण त्या संध्याकाळी त्यांचा भट्टीवरचा जोडीदार आला. उभा जन्म दोघांनी एका नळीला तोंड लावलेले. तो दाराशीच घुटमळला, मग आत येऊन खाटेच्या कडेला टेकला, आणि ताई स्वयंपाकघरात गेल्याचे पाहून उस्तादांच्या कानाशी वाकला. तो रोज कोठीमागे पाणी प्यायचा, हे त्याने कबूल केले. एकदा उस्तादांचे चिरलेले ओठ पाहून तांब्या घेऊन त्यांच्याकडे निघालाही होता. अर्ध्या वाटेवरून परत फिरला. आपले पिणे उघडे पडेल म्हणून.

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला आता झटके बसत नव्हते. पण त्यांनी त्याला जवळ ओढले नाही. किंचित दूर सारले, चेहरा दिसेल इतके.

"माझ्या कानात नको सांगू," ते म्हणाले. "उद्या भट्टीवर सांग. सगळ्यांसमोर, मोठ्यानं."